उस्तादाची टेस्ट

भावाच्या दुकानाच्या दारावर मी दोन तापमापक टांगले होते. एक साधा, दुसऱ्याच्या फुग्याभोवती ओलं फडकं. साधा तापमापक हवा किती तापली ते सांगतो. ओल्या फडक्याचा सांगतो, की या हवेत घाम वाळून अंग जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल. हवेतला दमटपणा वाढला की घाम वाळत नाही आणि हा दुसरा आकडा चढतो. धडधाकट माणसालाही तो एकतीसच्या पुढे फार तास सोसत नाही. माझ्या भावासाठी डॉक्टरांनी अठ्ठावीसवर लाल रेघ मारायला सांगितली होती. मी ती नेलपॉलिशने मारली.

गेल्या उन्हाळ्यात धम्मपालभाऊ दुकानातच कोसळला होता. उष्माघातातून तो वाचला, पण अंगाचं तापमान सांभाळणारी मेंदूतली व्यवस्था पूर्वीसारखी झाली नाही. घाम जवळजवळ येईनासा झाला. दुसरा झटका हा माणूस सोसणार नाही, असं डॉक्टरांनी मला आणि विशाखावहिनीला दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. दार उघडं होतं. भाऊने ते आतून ऐकलं.

तीन मेला फोनवर जांभळा इशारा आला. चौदा तारखेपासून सहा दिवस बंगालच्या उपसागरावरची दमट हवा चंद्रपूरवर येऊन बसणार. ओल्या फडक्याचा आकडा एकतीस ते बत्तीस. हल्ली हे अंदाज फारसे चुकत नाहीत. अशा दिवसांत शहराची वीज पाळीपाळीने तोडतात, त्यामुळे घरातल्या एसीवर जीव टांगून ठेवण्यात अर्थ नव्हता.

ज्यांना जमतं ते अशा वेळी घरगाडी काढून चिखलदऱ्याला जातात. दहा वर्षांपूर्वी हे कोणी केलं नसतं. हे सगळं नव्या लिथियम घटांमुळे झालं. पूर्वीच्या घटात दोन टोकांच्या मध्ये द्रव असायचा. नव्यात केसाहून पातळ असा घन पडदा असतो आणि लिथियमचे आयन त्यातून इतक्या सहज जातात की घटाचा स्वतःचा विद्युत रोध नावालाच उरतो. पलंगाखाली मावेल एवढ्या पेटीवर एक खोली दिवसभर गार राहते. मग लोकांनी खोलीलाच चाकं लावली. एप्रिल संपला की अर्धं चंद्रपूर डोंगर चढतं आणि पावसाळ्यात उतरतं. शाळांच्या वेळापत्रकांनी आणि लग्नांच्या तारखांनीही आता हेच अंगवळणी पाडून घेतलंय.

आमच्याकडे घरगाडी नव्हती. सोळा सीटची एक डिझेल मिनीबस होती. विशाखावहिनीने तिच्यावर अठरा वर्षं शाळेची मुलं ने-आण केली. शाळा बंद पडली, बस दुकानामागे उभी राहिली. मी तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं, भाऊने चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं होतं. सीट काढून पलंग बसवला, छतावर सौर पाट्या लावल्या, एसी बसवला. लिथियमची पेटी पाच तारखेला आली.

भाऊ पेटीभोवती दोनदा फिरला. वाकून पाहिलं.

"बुचं कुठं आहेत हिची?"

"बुचं नसतात. पाणी घालावं लागत नाही."

"पाणी नाही पीत, मग खाते काय?"

"मिळेल तेवढा करंट."

"म्हणजे तुह्यासारखीच. चहा नाही, नाश्ता नाही, नुसती पुस्तकं."

वहिनी बसच्या दारात बसून वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, "अहो, ताईंचं ऐका थोडं. मग लावा."

"हाव, ऐकतोच आहे."

मी त्याला सांगितलं, की इंजिनावरच्या, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा करंट या पेटीला थेट द्यायचा नाही. भाऊ अल्टरनेटरला अजूनही डायनॅमोच म्हणतो. जुनी ॲसिडची बॅटरी भरत आली की आपोआप कमी घेते. ही तसं करत नाही. डायनॅमो जेवढं देईल तेवढं ओढत राहते, तो जळेपर्यंत. मध्ये एक वेगळा चार्जर लागेल, तो मोजून देईल. दुकानाच्या भिंतीवरचा जुना चार्जरही बदलायचा, कारण तो ॲसिड ढवळून काढायला मधूनच जास्त दाब देतो. भाऊने मान डोलावली. ही मान मी लहानपणापासून ओळखते. तिचा अर्थ 'तुझं बोलून झालं का' एवढाच असतो.

दुसऱ्या दिवशी मी मधला चार्जर आणायला नागपूरला गेले.

दुपारी परतले तेव्हा बसचं इंजिन चालू होतं. भाऊने जुनी बॅटरी काढून दुकानात लाकडी फळीवर ठेवली होती. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, असं तो मानतो. तिच्याऐवजी आदल्या दिवशी मागे बसवलेली नवी पेटी जोडली होती, डायनॅमोची जाड तार थेट तिच्यावर. एसी चालू. वहिनी पलंगावर पाय लांब करून बसली होती आणि खरोखर खूश दिसत होती.

"बघ," भाऊ म्हणाला, "तुह्या मधल्याबिगर चालली का नाही? आता टेस्ट करून दाखवतो."

ती टेस्ट मला माहीत होती. रहीम उस्तादांनी त्याला शिकवलेली, विदर्भातल्या प्रत्येक ऑटो इलेक्ट्रिशियनला माहीत असलेली. चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल उचलायचं. इंजिन बंद पडलं तर डायनॅमो खराब. चालत राहिलं, दिवे लागलेले राहिले, तर डायनॅमो पास. मी "थांब" म्हणाले. पण इंजिनाच्या आवाजात ते माझं मलाच ऐकू आलं असेल.

त्याने टर्मिनल उचललं.

बसमधले चारही दिवे पांढरेशुभ्र पेटले आणि गेले. एसीतून खडखडाट झाल्यासारखा एक आवाज आला, मग जळक्या वार्निशचा वास. वहिनी पलंगावरून उठून सरळ बाहेर आली. भाऊ टर्मिनल हातात धरून उभा होता. इंजिन चालूच होतं.

मी जाऊन ते बंद केलं.

एसीचा कंट्रोलर, म्हणजे त्याला चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, जळला होता. डायनॅमोचे डायोड गेले होते. डायोड भाऊच्या कपाटात होते. कंट्रोलर पुण्याहून येणार होता. फोन केला तेव्हा कळलं, बारा तारखेच्या आधी नाही.

भाऊने हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. मग म्हणाला, "चाळीस वर्षं केली हे टेस्ट. एक दिवा गेला नाही माहा."

"मला माहीत आहे."

"तू विशाखाले घे आन तुह्या कॉलेजच्या लोकांसंग जाय. ते दहा तारखेले निघून राहिले ना. मी इथंच राहतो. ओला टॉवेल घेऊन बसतो."

"टॉवेल वाळणार नाही त्या दिवशी. म्हणून तर इशारा आहे."

"मग नाही वाळणार," भाऊ म्हणाला आणि शटर अर्धं ओढून आत गेला.

वहिनीने बसचं दार लावलं. "मी कुठं जात नाही हो," ती मला म्हणाली, जणू मीच तिला जायला सांगितलं होतं. "बस माझी आहे. मी नाही चालवली तर ती कोण नेणार?"

त्या दिवशी मी वही घेऊन बसले. रागावायला वेळ नव्हता. मला फक्त नेमकं काय झालं ते समजून घ्यायचं होतं, कारण जे समजलं नाही ते पुन्हा होतं.

झालं होतं ते असं. अल्टरनेटरच्या आत एक फिरतं चुंबकत्व असतं आणि ते एका क्षणात नाहीसं होत नाही. नव्वद ॲम्पिअर वाहत असताना वाट एकदम तोडली, तर ते चुंबकत्व करंट ढकलतच राहतं. लांब पाइपातून जोरात पाणी येत असताना कॉक झटकन बंद केला की पाइप थडथडतो, तसंच. करंटला जायला जागा नसते, म्हणून दाब चढतो. चौदा व्होल्टचे ऐंशी होतात. अर्धा सेकंदही नाही, पण तेवढं पुरतं. उस्तादांच्या काळी डायनॅमो पंचवीस ॲम्पिअरचे होते आणि त्यांच्यावर दोन दिवे आणि एक भोंगा असायचा. थडथड व्हायची, पण फुटण्यासारखं पुढे काहीच नसायचं.

इथवर सोपं होतं. मग मी पेटीबरोबर आलेलं पत्रक पुन्हा वाचलं आणि एका ओळीपाशी थांबले. पेटीच्या आत एक रक्षक असतो, घटांवर पहारा देणारा छोटा सर्किट बोर्ड. घट पूर्ण भरले किंवा पंचावन्न अंशांच्या वर तापले, की तो घेणं बंद करतो. कमी करत नाही. एका क्षणात तोडतो.

मी पेन खाली ठेवलं. पेटी आम्ही बसच्या मागच्या बाजूला, सायलेन्सरच्या पाइपावरच्या फळीवर बसवली होती. परतवाड्याच्या पुढे घाट आहे. दुपारची वेळ, पहिल्या गिअरमध्ये इंजिन, खालून तापलेला पाइप. रक्षकाने तिथे नक्कीच तोडलं असतं. भाऊने हाताने केलं तेच त्याने न सांगता केलं असतं. एसी घाटात जळला असता, आणि बसमध्ये अठ्ठावीसची रेघ असलेला माणूस बसलेला असता.

सकाळी मी वही घेऊन दुकानात गेले. भाऊ फळीवरच्या जुन्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालत होता. तो शनिवार होता, त्याचा बॅटऱ्यांना पाणी घालायचा दिवस.

मी त्याला सगळं सांगितलं. पत्रकातली ओळ दाखवली.

"मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिली तू."

"मी कधी बोलले आहे का तसं?"

त्याने विचार केला. "नाही," तो म्हणाला. "दहावीत माहे मार्क पाहून 'कमी आहेत' म्हणाली होती."

"कमीच होते. भाऊ, तू काल टर्मिनल काढलं नसतंस, तर मीही ती पेटी पाइपावर ठेवून निघाले असते. मला पत्रकातली ओळ दिसली नव्हती. तुझा दिवा गेला तेव्हा दिसली."

त्याने बुच घट्ट केलं. बॅटरी फडक्याने पुसली. मग विचारलं, "पाइपावर काहून ठेवली होती आपण?"

"तिथे जागा होती."

"जागा पलंगाखाली पण आहे. एसी ज्या खोलीत तिथंच तिले बसव ना. माणसाले गार लागते तर तिले नाही लागत का?"

हे मला सुचलं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं.

त्यानंतरचे पाच दिवस आम्ही सकाळी पाच ते नऊ काम केलं. त्यानंतर दोन तापमापक पाहायचे आणि भाऊला आत पाठवायचं, हे वहिनीचं काम. ती त्याला "चला, मुलांनो, खाली उतरा" अशा शाळेच्या आवाजात हाक मारायची, आणि तो मुकाट्याने उतरायचा. पेटी पलंगाखाली गेली. डायनॅमो भाऊने उघडला, डायोड बदलले, वेढे तपासले. तारांना डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, त्याचा हात मी पहिल्यांदा नीट पाहिला. माझ्या प्रयोगशाळेत तीस वर्षांत इतका स्थिर हात आला नव्हता.

मग मी त्याला जोडणी कागदावर काढून दाखवली. डायनॅमोची तार आधी जुन्या ॲसिडच्या बॅटरीवर. तिथून मधल्या चार्जरवर. मधल्यातून पेटीवर, चाळीस ॲम्पिअर, त्याहून जास्त कधीच नाही.

"म्हणजे हे म्हातारी टाकायची नाही?" त्याने फळीवरच्या बॅटरीकडे बोट केलं.

"तिच्याशिवाय जमणार नाही. पेटीने अचानक घेणं बंद केलं, तर डायनॅमोचा धक्का ही पोटात घेईल. ती जड आहे, मंद आहे, म्हणूनच."

"मी म्हटलंच होतं, टाकायची नाही."

"तू तिला फळीवर ठेवली होतीस."

"टाकली तर नव्हती ना."

केबलच्या टोकांना तांब्याच्या लग, म्हणजे नट बसायच्या कड्या, त्याने अशा दाबल्या की मी ओढून पाहायचं सोडून दिलं. प्रत्येक तारेवर त्याने रंगीत टेप गुंडाळला आणि माझ्या आकृतीत एक चूक काढली: मी फ्यूज बॅटरीपासून दोन हात लांब दाखवला होता. "मधली तार घासली तर पेटेल ना बापा. फ्यूज बॅटरीच्या नाकाशी पाहिजे." तो बरोबर होता.

दहा तारखेला कॉलेजची मंडळी निघून गेली. जाताना त्यांच्या तीन घरगाड्या दुकानासमोर थांबल्या. एकाने वहिनीला विचारलं, एक जागा आहे, येता का. वहिनीने त्यांना ताक पाजलं आणि पाठवून दिलं.

बारा तारखेला सकाळी कंट्रोलर आला. दहा वाजेपर्यंत एसी चालू झाला. ओल्या फडक्याचा आकडा सत्तावीस होता. दमट हवा अंदाजापेक्षा लवकर यायला लागली होती. पहाटे निघायचं आणि आजपासूनच भाऊने गार बसमध्ये राहायचं ठरलं.

वहिनीने पाण्याचे कॅन चढवले. मी पलंगावर चादर घातली. भाऊ बसच्या पायरीशी उभा राहिला आणि वर चढेना.

"मी टेस्ट केल्याबिगर नाही बसत," तो म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे पाहत राहिली. "तुम्हाले काही वाटते का?"

"वाटते म्हणूनच म्हणून राहिलो. करुणा म्हणते कागदावर बरोबर आहे. कागद तिचा आहे. घाटात मधातच काही झालं, तर तुम्ही दोघी माह्यासाठी तिथं अडकान. मी पाहिल्याबिगर तुम्हाले नेत नाही."

मी हिशोब पुन्हा मनात केला. तो बरोबर होता. पण या कंट्रोलरच्या मागे दुसरा कंट्रोलर नव्हता. जळला तर उद्या निघणं नाही, आणि परवा चौदा तारीख. नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं तर भाऊ बसणार नाही, हे मला त्याच्या पायाकडे पाहून कळत होतं. आणि त्याने चाळीस वर्षांत जे ज्ञान मिळवलं, ते हातानेच मिळवलं होतं. त्याला माझ्या वहीवर विश्वास ठेवायला सांगायचा मला अधिकार होता का, ते मला कळेना. मीही कुठला निष्कर्ष न पडताळता मान्य केला नव्हता.

"कर," मी म्हणाले. "इंजिन लावा, वहिनी. दिवे लावा. एसी मंद ठेवा. पेटी सुटली की एकट्या मधल्या चार्जरला पूर्ण एसी पेलणार नाही."

इंजिन लागलं. मी व्होल्टमीटर लावला. भाऊ वाकला आणि त्याचा हात सवयीने इंजिनाकडच्या, ॲसिडच्या बॅटरीकडे गेला.

मी त्याचं मनगट धरलं.

"ती नाही. ती काढलीस तर त्या दिवसासारखंच होईल. धक्का खाणारी तीच आहे. पेटीचं काढ."

त्याने हात तसाच थांबवला. मग तो मागे वळला, पलंगाखाली हात घातला, पान्याने नट सैल केला. माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं, जणू बस पळून जाणार होती.

त्याने टर्मिनल उचललं.

व्होल्टमीटरचा काटा चौदावरून साडेचौदाला गेला आणि परत आला. दिवे एकदा लुकलुकले. एसीचा आवाज बदलला नाही.

भाऊ टर्मिनल हातात धरून बराच वेळ दिव्यांकडे पाहत होता. मग त्याने ते जागेवर बसवलं, नट आवळला, पुन्हा पाव फेरा आवळला, आणि दुकान बंद करायला गेला. शटरचा आवाज आला. कुलपाची किल्ली त्याने वहिनीच्या हातात दिली आणि पायरी चढला.

तेरा तारखेला पहाटे पाचला आम्ही निघालो. वर्ध्याच्या पुढे हवा दाटली. अमरावतीला डबा खाल्ला तेव्हा बाहेर ओल्या फडक्याचा आकडा एकोणतीस होता, आत बावीस. भाऊ पलंगावर पडून छताकडे पाहत होता. परतवाड्यानंतर घाट लागला. वहिनीने दुसरा गिअर, मग पहिला टाकला. शाळेची बस चालवणारी बाई वळणावर जसा भोंगा देते, तसा प्रत्येक वळणावर दिला.

पाचव्या की सहाव्या वळणावर पलंगाखाली 'टक्' असा आवाज झाला.

छतावरच्या सौर पाट्या आणि इंजिन यांनी मिळून पेटी काठोकाठ भरली होती. रक्षकाने घेणं तोडलं होतं. मी मीटर पाहिला. काटा जरासा उठला आणि बसला. एसी चालूच होता.

"सुटलं," भाऊ म्हणाला.

"हो."

"आपोआप."

"हो."

त्याने कूस बदलली आणि घाट संपेपर्यंत झोपला.

चिखलदऱ्याच्या तळावर दोनशेहून जास्त घरगाड्या होत्या. मी दोन्ही तापमापक बसच्या आरशाला टांगले. ओल्या फडक्याचा आकडा एकवीस. खाली चंद्रपुरात तो त्या आठवड्यात बत्तीसच्या पुढे गेला. बातम्या मी एकदाच पाहिल्या.

तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारी यवतमाळची एक गाडी येऊन थांबली. जुना डिझेल टेम्पो, आत नवी पेटी, थेट जोडलेली. मालकाने बॉनेट उघडलं होतं आणि कोणीतरी त्याला सांगत होतं, डायनॅमो गेला असेल, टर्मिनल काढून बघा.

भाऊ झाडाखाली खुर्चीत बसला होता. तो उठला. वहिनीने तापमापकाकडे पाहिलं आणि त्याला जाऊ दिलं. तो टेम्पोपाशी गेला आणि मालकाच्या हातातला पाना काढून घेतला.

"इंजिन चालू असताना टर्मिनल काढाचं नाही."

"का हो काका? सगळे तर तसंच करतात."

"करतात."

"तुम्हाले कसं माहीत पण, काही होते म्हणून?"

"काढून पाह्यलं होतं," भाऊ म्हणाला. मग तो खाली बसला आणि मला हाक मारली. "करुणा, वही आन. आन या भाऊची जुनी बॅटरी कुठं आहे विचार. टाकली नसन तर बरं होईल."